गावच्या घरचं फायबर वारंवार जातंय? मुंबईतून फोनवर दोष असा शोधा

लक्षणं बहुतेक घरी सारखीच असतात. गावी आई-वडिलांसाठी फायबर घेतलं, बसवलं तेव्हा छान चाललं. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि डब्यावर, म्हणजे घरात फायबर येऊन मिळतं त्या यंत्रावर, लाल दिवा लागला. तक्रार केली, दोन-चार दिवसांनी लाइनवाला मुलगा येऊन काहीतरी करून गेला, नेट आलं. आठवडा जातो न जातो तोच पुन्हा लाल. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मुलगा. गणपतीपर्यंत हे असंच चालतं आणि इकडे लालबागला, भांडुपला, विरारला बसलेल्या मुलाला वाटायला लागतं की आपल्या गावात फायबर टिकायचंच नाही.

टिकतं. मी मुंबईच्या उपनगरांत फायबर जोडण्याचं काम करतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. त्यामुळे चाकरमान्यांचे असे फोन मला पावसाळाभर येतात. त्यातल्या बहुतेक घरी दुरुस्ती झालेली असते, निदान झालेलं नसतं. प्रत्येक तक्रार 'आता चालू आहे' या शेऱ्यावर बंद होते. दोषाची जागाच सापडलेली नसेल तर तो परत येणार. त्या जागेपर्यंत कसं पोहोचायचं ते खाली लिहितोय. यातलं बरंचसं मुंबईत बसून करता येतं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मुंबईत नेट गेलं की आपण राउटर बंद करून चालू करतो आणि पुष्कळदा भागतं. इथे इमारतीत वाहिन्यांसाठी बंदिस्त शाफ्ट असतो, घरापर्यंतची केबल थोड्याच मीटरची असते, प्रकाश भरपूर पोहोचतो. गावी तीच केबल आंब्याच्या फांदीतून, विजेच्या खांबावरून, नारळाच्या झावळांखालून येते. आपल्याच मुंबईत आरेच्या पाड्यांमध्ये किंवा गोराई-मनोरीला काम केलेल्या कुणालाही विचारा, तिथेही दोष असेच येतात. तिथे डबा बंद-चालू करून वेळ जातो, दोष जागच्या जागी राहतो.

नेट गेलेलं असतानाच फोन लावा

नेट परत आल्यावर चौकशी करून काही हाती लागत नाही. गेलेलं असतानाची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. आईला विचारा, "डब्यावर लाल दिवा आहे का गं? त्याच्याखाली काय लिहिलंय?" बहुतेक डब्यांवर त्या दिव्यापाशी एलओएस, म्हणजे सिग्नल हरवल्याची खूण, लिहिलेलं असतं आणि शेजारी पॉनचा, म्हणजे कंपनीच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा, हिरवा दिवा असतो. या दोन दिव्यांवरून अर्धं निदान होतं.

एलओएस लाल असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये, किंवा इतका थोडा पोहोचतोय की डब्याला तो ओळखता येत नाही. एलओएस विझलेला आणि पॉन लुकलुकतोय, तर प्रकाश येतोय पण पलीकडच्या यंत्राशी डब्याची नोंदणी पूर्ण होत नाहीये. पॉन स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, तर घराच्या फायबरला हात लावायचं कारण नाही. एकतर रिचार्ज संपलाय, नाहीतर गावाच्या वरच्या बाजूला काहीतरी तुटलंय. आणि सगळेच दिवे विझून पुन्हा पहिल्यापासून लागत असतील तर अडॅप्टर किंवा छोटा यूपीएस तपासा. डबा १२ व्होल्टचा असतो, पण किती अँपिअरचा ते अडॅप्टरवर वाचून तेवढ्याच क्षमतेचा घ्यावा लागतो. जुन्या बॅटरीचा यूपीएस वीज जाताक्षणी मान टाकतो आणि लोक फायबरला दोष देतात.

या वेळी घरच्यांनी एक काम अजिबात करायचं नाही. डब्यामागच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट करायचा नाही. बंद-चालू करणं वेगळं. रिसेटमध्ये कंपनीने भरलेली सगळी मांडणी पुसली जाऊ शकते, मग फायबर नीट झालं तरी नेट येत नाही आणि एकाचे दोन दोष होतात. डब्यात शिरणाऱ्या फायबरची हिरव्या टोकाची पिन काढून पदराने पुसणंही नको. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, धुळीचा एक कणसुद्धा त्याच्यावर झाकणासारखा बसतो. पिन काढून डोळ्यासमोर तर कधीच धरू नये. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण असतो.

आकडा मागा

मला कुणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, पॉवर किती येतेय? म्हणजे डब्यात पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. ती डीबीएममध्ये मोजतात आणि गावच्या घरी नेहमी उणे आकड्यात असते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत घरातला साधा डबा उणे ८ ते उणे २७ या टप्प्यात काम करतो. उणे १८, उणे २० असेल तर निवांत राहा. उणे २५ असेल तर आज नेट चालू असलं तरी ते काठावर आहे. उणे २७ च्या खाली गेलं की लाल दिवा.

हा आकडा मिळवायला इंजिनिअर लागत नाही. डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवर एक पत्ता असतो, बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होणारा. फोन घरच्या वायफायला जोडून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की डब्याचं पान उघडतं, आणि त्यात पॉन किंवा ऑप्टिकल नावाच्या भागात आरएक्स पॉवर लिहिलेली असते. नेट गेलेलं असलं तरी हे पान उघडतं, कारण ते डब्याच्या आतच आहे. वाडीतली दहावी-बारावीची पोरं हे चुटकीसरशी करतात. काही कंपन्या हे पान बंद ठेवतात. तशा वेळी तक्रार केंद्राला फोन करून विचारा, डबा चालू असताना त्यांना तो आकडा त्यांच्या पडद्यावर दिसतो.

आकड्याला इतकं महत्त्व का, ते एका हिशेबावरून कळेल. समजा मुख्य यंत्रातून, म्हणजे ओएलटीमधून, प्रकाश अधिक ३ डीबीएमने निघाला. घर १२ किलोमीटरवर आहे, दर किलोमीटरला सुमारे पाव डीबी (प्रकाशाची घट डीबीत मोजतात) जातो, म्हणजे ३ गेले. वाटेत एकाचे चार करणारा स्प्लिटर, त्याने सुमारे ७ खाल्ले. पुढे एकाचे आठ करणारा, त्याने साडेदहा. जोड आणि कनेक्टर मिळून २ धरा. घरी पोहोचले उणे साडेएकोणीस. उत्तम. आता वाडीत आणखी एक गिऱ्हाईक आलं आणि लाइनवाल्याने नवी केबल ओढण्याऐवजी तुमच्याच खांबावर एकाचे दोन करणारा स्प्लिटर टाकला. साडेतीन गेले, उणे २३. नेट अजून चालतंय, कुणाला पत्ताही नाही. पहिल्या पावसात एका जोडात पाणी शिरलं, ४ गेले, उणे २७. लाल दिवा. ऊन पडलं, जोड सुकला, आपोआप हिरवा. तोवर लाइनवाला येऊन डबा बंद-चालू करून गेलेला असतो आणि श्रेय त्या बंद-चालूला मिळतं.

३ डीबी गेले म्हणजे प्रकाश अर्धा झाला, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. म्हणून उणे २० वरून उणे २४ झाल्यावर 'चालतंय ना' म्हणून सोडून देऊ नये. चालू असतानाचा आकडा महिन्यातून एकदा लिहून ठेवायला बाबांना सांगा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला तरी चालेल.

कधी जातं, त्यावरून जागा कळते

पावसात जातं आणि सुकल्यावर येतं, तर उघडा जोड शोधायचा. गावी मी असे जोड पाहिलेत की दोन टोकं जुळवून त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, वरून काळी चिकटपट्टी. मशीनने वितळवून केलेला जोड, ज्याला आम्ही स्प्लायसिंग म्हणतो, त्यात नीट झाला तर ०.१ डीबीसुद्धा जात नाही आणि वरून स्लीव्ह, म्हणजे संरक्षक नळी, घातलेली असेल तर थोडंफार पाणीही तो सोसतो. पण खांबावर हातानेच बसवलेले कनेक्टर आणि यांत्रिक जोड ओलाव्यात लवकर बिघडतात. त्यांच्या आत प्रकाश पुढे जावा म्हणून एक जेल असतं, ते वाळतं, त्यात चिखल जातो, मुंग्या घर करतात. शिवाय काच ताणाखाली असेल तर ओलावा तिच्यातल्या सूक्ष्म तडा हळूहळू वाढवतो. म्हणून ताणून बांधलेली केबल बांधली त्या दिवशी तुटत नाही, पुढच्या पावसाळ्यात तुटते.

वाऱ्यात जातं, तेही काही सेकंदांपुरतं, दिवा लाल-हिरवा-लाल असा नाचतो, तर केबल कुठेतरी फांदीवर घासतेय किंवा खांबाला तारेने करकचून आवळलेली आहे. फायबर सहसा नुसत्या लांबीने दगा देत नाही, वाकवल्याने देतं. साध्या जी ६५२ जातीच्या फायबरला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये, असा दंडक आहे. घरापर्यंतच्या केबलसाठी जी ६५७ ए२ जातीचं फायबर मिळतं, ते साडेसात मिलिमीटरपर्यंतचं वळण सोसतं. खिडकीच्या गजाला दोन वेढे मारून खिळ्यावर लटकवलेली केबल मात्र कुठल्याच जातीला सोसत नाही.

वाकणं आणि खराब जोड यांत फरक करायला एक खूण आहे, आणि ती फार कमी जण विचारतात. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० चा असतो. वळणावर लांब तरंग जास्त गळतात. म्हणून तुमच्या डब्यात येणारा प्रकाश फार घटला असेल, पण तुमच्या डब्यातून ओएलटीला पोहोचणारा पूर्वीइतकाच असेल, तर केबल बहुधा कुठेतरी वाकलीय. दोन्ही सारखेच घटले असतील तर जोड, कनेक्टर किंवा घाण. ओएलटीकडचा आकडा कंपनीकडे असतो. नम्रपणे पण आग्रहाने मागा.

वीज गेल्यावर ठरावीक वेळाने नेट जातं, घरी इन्व्हर्टर असूनही? मग दोष तुमच्या घरी नाही. ओएलटी जिथे ठेवलाय, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा कुणाच्या दुकानाच्या माळ्यावर, तिथली बॅटरी म्हातारी झालीय. ती बसली की प्रकाश बंद पडतो आणि सगळ्या वाडीत एकदम लाल दिवे लागतात. वीज किती वाजता गेली आणि लाल दिवा किती वाजता लागला, एवढ्या दोन वेळा लिहून ठेवल्या तरी पुरावा तयार. पूर्वी तासभर टिकायचं आणि आता दहा मिनिटांत जातं, असं दिसलं तर बॅटरी बदलायची मागणी एकट्याने करू नका, ग्रामसभेत मांडा. तिथे ती एका घराची तक्रार राहत नाही.

सगळ्या वाडीचं नेट एकदम अडखळतं, एलओएस लाल नाही, पॉनचे दिवे मात्र लुकलुकतात, आणि हे रोज साधारण एकाच वेळी होतं. हा दोष ओळखायला सगळ्यात अवघड, आणि त्याच्यापायी लोकांच्या महिनोन्महिने हालअपेष्टा होतात. एका स्प्लिटरवरची सगळी घरं वर जाताना एकच फायबर वापरतात. प्रत्येक डब्याला बोलायची वेळ ठरवून दिलेली असते, मायक्रोसेकंदांत मोजलेली. एखादा डबा बिघडला आणि आपली वेळ नसताना प्रकाश सोडत बसला, तर बाकीच्यांचं बोलणं ओएलटीला ऐकूच येत नाही. ज्याचा डबा बिघडलाय त्याला स्वतःला काही जाणवेलच असं नाही. यावर उपाय वाडीनेच करायचा. नेट अडखळत असताना एकेका घराने पाच मिनिटं डबा बंद करायचा. ज्या घराचा बंद केल्यावर बाकीच्यांचं सुरळीत होतं, तो डबा बदलून घ्यायचा. कुणावर ठपका नाही, यंत्र बिघडतात. एका वाडीत सकाळी नेट ठीक आणि संध्याकाळी बंद असं चाललं होतं. ज्या घरातला डबा बिघडलेला होता ते दिवसभर बंद असायचं आणि घरची माणसं कामावरून परतली की डबा लावायची. केबल दोनदा बदलून झाली होती, डबा कुणी पाहिलाच नव्हता.

संध्याकाळी नुसतं मंद चालतं, दिवे सगळे ठीक, तर हा फायबरचा दोष नाही, गावाला वरून मिळणारी क्षमता कमी पडतेय. आणि जांभ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरात वायफाय पोहोचत नाही, तेही वेगळं. त्याला पडवीतून आत एक लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावणं हाच खरा उपाय.

उरला सगळ्या गावाचा प्रश्न. पॉन स्थिर, नेट नाही, शेजारच्या गावातही नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीच्या आखणीत तालुक्याकडून निघालेली वाट गावागावातून सरळ पुढे जायची, त्यामुळे मध्ये एका जागी जेसीबीचा फाळ लागला की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वाटा वर्तुळाकार करायचं ठरलं, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालेल. तुमच्या गावाला अजून एकच वाट असेल आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या किंवा गावच्या रस्त्याच्या कडेला खोदकाम चालू असेल, तर आधी तिकडे चौकशी करा. खोदणाऱ्याने आधी कळवावं यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप मार्च २०२३ पासून आहे. पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या ठेकेदाराला ते दाखवायला सरपंचांना जरूर सांगा.

खांबावरचा आकडा आणि घरातला आकडा

लाइनवाला घरी आला की त्याला काय दुरुस्त केलं हे विचारण्याआधी दोन आकडे विचारा. शेवटच्या खांबावरच्या डब्यात किती होते आणि घरात किती आहेत. खांबावर उणे २०, घरात उणे २५, तर खांब ते घर ही केबल दोषी, ती बदला. खांबावरच उणे २५ असेल तर तुमच्या घरातलं काहीही बदलून फरक पडणार नाही, दोष वर आहे. या एका वजाबाकीने नवा राउटर घेण्याचा खर्च वाचतो, कारण 'राउटर खराब झालाय' हे उत्तर सगळ्यात सोपं म्हणून आधी दिलं जातं. त्या मुलाच्या खिशात पॉवर मीटर असतोच. बहुतेकांकडे लाल प्रकाश सोडणारा पेनही असतो, तो लावला की जवळपास जिथे केबल पिचलेली असेल तिथे आवरणातून लाल उजेड पाझरतो. संध्याकाळी बघितलं तर स्पष्ट दिसतं. त्याच्याशी भांडू नका. अनेक गावं एकट्याच्या अंगावर असतात त्याच्या, आणि भर पावसात तोच येतो. मीटरच्या पडद्याचा फोटो मात्र प्रत्येक वेळी मागून घ्या.

खांब ते घर केबलला दोनपेक्षा जास्त जोड असतील तर आणखी एक जोड मारू देऊ नका, अख्खी केबल नवी ओढून घ्या. ओढताना चार गोष्टी बघायच्या. केबलसोबतची आधाराची तार दोन्ही टोकांना क्लॅम्पमध्ये हवी, ताण तिने घ्यायचा, फायबरने नाही. ती तार लोखंडी असेल तर घराबाहेरच तोडायची, आत आणायची नाही, म्हणजे वीज पडली तर तिच्यावाटे डब्यापर्यंत पोहोचणार नाही. भिंतीच्या भोकात शिरण्याआधी केबल खाली झोल देऊन वर घ्यायची, मग पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं. आणि जास्तीची केबल खांबापाशी मोठ्या वेटोळ्यात ठेवायची. खारी आणि वांदर यांच्यापासून पूर्ण सुटका नाही, पण केबल फांद्यांपासून दूर आणि पागोळ्यांना समांतर नेली तर त्रास निम्म्याने तरी कमी होतो.

एक कळकळीची विनंती. बाबांना किंवा शेजारच्या काकांना शिडी लावून खांबावर चढू देऊ नका. त्याच खांबावर महावितरणच्या तारा असतात आणि ओल्या शिडीवर नेट आणायला कुणी जाऊ नये. वरचं काम फक्त लाइनवाल्याचं, तेही पाऊस थांबल्यावर.

एवढं करूनही तेच चालू राहिलं तर प्रत्येक तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार दूरसंचार कंपनीकडे तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण असतं. तिथे 'नेट वारंवार जातं' असं लिहून फार काही होत नाही. तारीख, वेळ, त्या वेळचं हवामान, घरातला आकडा, खांबावरचा आकडा आणि आधीच्या तक्रारींचे क्रमांक एका पानावर लिहा. वाडीतल्या इतर घरांचे आकडे मिळाले तर तेही जोडा, कारण एकाच स्प्लिटरवरच्या सगळ्यांचे आकडे सारखेच घसरलेले दिसले की कंपनीला घरोघर माणूस पाठवून भागत नाही, खांबावरचा जोड उघडावाच लागतो.

दुरुस्तीनंतरचा पहिला आकडा उन्हात घ्या आणि दुसरा पुढच्या मोठ्या सरीनंतर लगेच. दोन्हींत १ डीबीच्या आत फरक असेल तर तक्रार बंद करायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर नेट चालू असलं तरी ती उघडीच ठेवा.